जे घडलं नाही, त्याची नोंद कशी ठेवायची?

प्रश्न: माझी आत्या दोन महिन्यांपूर्वी गेली. ८१ वर्षांची होती. जवळजवळ चाळीस वर्षं तिने शांततेचं काम केलं. भांडणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये ये-जा करायची, अफवा उठली की दोन्हीकडे जाऊन खरं-खोटं करून यायची, तणावाच्या रात्री दोघा-तिघांसोबत पुलावर बसून राहायची. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी ५ ते ६ चौकात फलक घेऊन न बोलता उभी असायची. भाषण कधी केलं नाही. वर्तमानपत्रात नाव आलं तर चिडायची. आता तिच्या सोबत्यांनी स्मरणसभा घ्यायचं आणि पुस्तिका काढायचं ठरवलंय, आणि ते काम माझ्याकडे आलंय. हातात तीन महिने आहेत. घरात दोन ट्रंका कागद, ११ डायऱ्या, काही कॅसेट, फोटोंचे अल्बम आणि तिचा मोबाइल आहे. भाऊ म्हणतो, सगळं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकू. मला भीती वाटते की काहीतरी न निस्तरता येण्यासारखं चुकेल. आणि जी जन्मभर ‘माझं नाव नको’ म्हणाली, तिच्यावर पुस्तिका काढावी का? – एक भाची

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं आधी बोलू, कारण बाकीची कामं त्यावरच बेतायची आहेत. ‘माझं नाव नको’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. श्रेय नको, हा एक. कुणाला कळायला नको, हा दुसरा. पहिल्यात संकोच आहे, दुसऱ्यात कुणाच्या तरी जिवाची काळजी. आत्यांच्या मनात कोणता होता ते त्यांचे कागद सांगतील. पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती ठेवल्यात का? डायऱ्यांवर वर्षं घातलीत का? फोटोंच्या मागे तारखा आहेत का? ज्या बाईला आपलं काम पुसून टाकायचं असतं, ती ११ डायऱ्या सांभाळत नाही. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण कल कळतो. उलट डायरीतली पानं कापलेली दिसली, नावांच्या जागी नुसती आद्याक्षरं दिसली, तर तिथे दुसरा अर्थ आहे आणि तो तुम्ही पाळायचा.

आमचं मत: पुस्तिका काढा, पण नाव कामाच्या मागे ठेवा. शीर्षकात काम आणि वर्षं येऊ द्या. मुखपृष्ठावर चेहरा नको. नाव आतल्या पहिल्या पानावर, साध्या अक्षरात. वर्तुळातलं शांततेचं चिन्ह जगभर ओळखलं जातं. ब्रिटिश चित्रकार जेराल्ड होल्टम यांनी ते १९५८ साली लंडनहून आल्डरमास्टनला जाणाऱ्या अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलं. त्यावर मालकी हक्क नोंदवला गेला नाही, ते कुणीही वापरावं असंच ठेवलं. तरीही ते कुणी, कधी, कशासाठी काढलं हे आज नेमकं सांगता येतं, कारण मूळ रेखाटनं जपली गेली. नाव मिरवायचं नसलं तरी नोंद असू शकते.

आज करायचं काम एकच: मोबाइल. तो चार्ज करून, सुरू ठेवून, इंटरनेटला जोडून ठेवा आणि नंबर बंद करू नका. त्यांच्या ईमेलचा, बँकेचा, प्रत्येक खात्याचा पडताळणी-क्रमांक त्याच नंबरवर येणार. रिचार्ज संपून नंबर गेला, तर काही काळाने तो दुसऱ्या कुणालातरी दिला जातो. व्हॉट्सॲप न वापरलेलं खातं साधारण १२० दिवसांनी काढून टाकतं, आणि तुमचे साठ दिवस गेलेत. गूगलचा नियम दोन वर्षांचा आहे, तिथे श्वास घ्यायला जागा आहे. वारसांची संमती घेऊन महत्त्वाच्या गटांतलं संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करा, फोटो तारेने संगणकावर उतरवा. त्या गटांत आत्यांच्या नंबरवरून उत्तर मात्र पाठवू नका. गेलेल्या माणसाच्या नावाने निरोप आला की लोक हादरतात.

यानंतर साहजिकच हात ट्रंकेकडे जातो. जाऊ देऊ नका. पहिला महिना कागद उपसण्यात गेला की मुलाखती राहून जातात, आणि हे काम बिघडतं ते सगळ्यात जास्त इथेच. कोरड्या जागेतले कागद आणखी वर्षभर थांबतील. आत्यांसोबत पुलावर बसणारी माणसं आत्यांच्याच वयाची आहेत. बारा ते पंधरा जणांची यादी करा आणि ती वय आणि तब्येत पाहून लावा, मानमरातब पाहून नव्हे. यादीत तीन प्रकारची माणसं हवीतच: पलीकडच्या वस्तीतलं कुणीतरी, आत्यांशी ज्यांचं पटलं नाही असं कुणीतरी, आणि सभांमध्ये न बोलता सतरंज्या घालणारं, सभागृहाची किल्ली सांभाळणारं कुणीतरी. तिसऱ्या प्रकारच्या माणसांना बहुतेक वेळा सगळ्यात जास्त माहीत असतं.

एका वेळी एकाशीच बोला. चौघांना एकत्र बसवलं की जो ठामपणे बोलतो त्याची आठवण बाकीच्यांची होऊन जाते, आणि मग ती वेगळी काढता येत नाही. आधी एकेकटे, नंतर हवं तर सगळे मिळून. बैठक साठ ते नव्वद मिनिटांची; त्यापुढे वयस्कर माणूस दमतो आणि ‘हो हो, तसंच’ म्हणायला लागतो. ध्वनिमुद्रणाला तुमचा स्वतःचा मोबाइल पुरतो. तो विमान-मोडवर टाका, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीस-तीस सेंटीमीटरवर घडी घातलेल्या कापडावर ठेवा. उघड्या टेबलावर ठेवलात तर पेल्याचा आवाजही हादऱ्यासारखा येतो. पंखा आणि फ्रिज बंद करा, आणि निघताना परत सुरू करायला विसरू नका. अर्धा मिनिट मुद्रण करून ऐका, मगच सुरुवात करा. पहिलं वाक्य तुमचं असू द्या: तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव, विचारणाऱ्याचं नाव. पाच वर्षांनी फाइलचं नाव बदललेलं असेल, पण हे वाक्य आत राहील.

‘त्या कशा होत्या?’ असं विचारलं की ‘फार मोठ्या मनाच्या होत्या’ असं उत्तर येतं, आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. विचारा: त्यांना पहिल्यांदा कुठे पाहिलंत? कुठे बसल्या होत्या? तिथे आणखी कोण होतं? त्या काय म्हणाल्या? मग तुम्ही काय केलंत? त्या कधी चुकल्या असं तुम्हाला वाटलं? हा शेवटचा प्रश्न चाळीस मिनिटांनंतर विचारा, पण विचाराच. उत्तर देऊन माणूस थांबला तर मनात दहा आकडे मोजा, तोवर पुढचा प्रश्न टाकू नका. खरी गोष्ट बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला येते.

तारखांवर विश्वास ठेवू नका. लोक खोटं बोलत नसतात. दोन तणावाच्या रात्री आठवणीत एक होतात, दहा वर्षांपूर्वीचं सहा वर्षांपूर्वीचं वाटतं. ‘कोणत्या साली?’ असं विचारण्यापेक्षा ‘तेव्हा तुमची मुलगी कितवीत होती? त्या घरात राहायला आला होतात की जुन्या?’ असं विचारा. स्वतःच्या आयुष्यातल्या खुणेला बांधलेली तारीख बरीच जवळ येते. नंतर ती डायरीशी, सोबत्यांची समिती असेल तर तिच्या इतिवृत्ताशी, जुन्या वर्तमानपत्राशी ताडून पाहा.

सगळं शब्दशः उतरवायच्या फंदात तुम्ही तीन महिन्यांत पडू नका. एका तासाचं मुद्रण उतरवायला नवख्या माणसाला सहा ते आठ तास लागतात. पंधरा मुलाखतींचे शंभर-सव्वाशे तास झाले. त्याऐवजी दर पाच मिनिटांना काय विषय आला याची एक ओळ लिहा आणि पुस्तिकेत लागतील तेवढेच उतारे उतरवा. संमती दोनदा घ्या. मुद्रण करू का, ही सुरुवातीला. यातलं काय वापरू, ही शेवटी, कारण आपण काय बोलून गेलो हे माणसाला बोलून झाल्यावरच कळतं. पर्याय तीन द्या: आत्ता वापरा, अमुक वर्षांनंतर वापरा, फक्त घरात ठेवा. आणि शब्द मागे घ्यायची शेवटची तारीख सांगा. छपाईच्या तीन आठवडे आधीची ठेवा.

आता ट्रंका. हे काम हाती घ्याल त्या दिवशी त्या उघडा, वरून फोटो काढा आणि काहीही हलवू नका. कागद ज्या क्रमाने ठेवलेत तो क्रमही माहिती असतो. एखादं पत्र दुसऱ्याच वर्षाच्या गठ्ठ्यात असेल, तर ते आत्यांनी मुद्दाम तिथे ठेवलेलं असू शकतं. ‘विषयवार लावून टाकू’ म्हणून तुम्ही एका दुपारी तो क्रम मोडलात तर परत येणार नाही. एकेक गठ्ठा जसाच्या तसा एकेका पाकिटात, पाकिटावर पेन्सिलने ट्रंक क्रमांक आणि गठ्ठा क्रमांक: १-१, १-२. वहीत प्रत्येकासाठी दोन ओळी: काय आहे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. एवढी यादी दोन माणसांकडून दोन शनिवार-रविवारात होते.

रबरबँड काढा, ते वितळून कागदाला चिकटतात. गंजलेल्या टाचण्या ओढू नका. मागे जाड कागदाची पट्टी सरकवून टोकं उघडा, मग काढा. फाटलेलं पान चिकटपट्टीने जोडू नका, पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. लॅमिनेशन तर नकोच. वर्तमानपत्राची कात्रणं आम्लयुक्त असतात, शेजारच्या कागदावर तपकिरी सावली पाडतात. त्यांची झेरॉक्स काढा आणि कात्रणं वेगळी ठेवा. बुरशीचा वास आला तर तो गठ्ठा लगेच बाकीच्यांपासून दूर करा आणि सावलीत, हवेशीर जागी वाळवा. उन्हात ठेवू नका, शाई उडते. ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उठाव येतो. मऊ पेन्सिलने कडेला हलकं लिहा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो उपटायला जाऊ नका. आधी पान आहे तसं स्कॅन करा, मग दात साफ करायचा पातळ धागा फोटोखालून हळूहळू सरकवा. अडकला तर तिथेच थांबा.

फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, कृष्णधवल असले तरी रंगीत मोडमध्ये. पत्रं ३०० वर, पुसट पेन्सिल असेल तर ४००. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा, वाटायला जेपीजी. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा म्हणजे संगणक आपोआप कालानुक्रम लावतो. महिना माहीत नसेल तर तिथे शून्यं घाला, अंदाज घालू नका. कॅसेट लावण्याआधी, टेप दिसते त्याच्या विरुद्ध कडेवरचे दोन बारीक प्लास्टिकचे चौकोन मोडा, म्हणजे चुकून त्यावर मुद्रण होणार नाही. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते. ती मागे-पुढे पळवू नका, सरळ एकदाच वाजवा आणि तेव्हाच संगणकावर वेव्ह स्वरूपात घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ धरलं तर तासाला साधारण १ जीबी जागा लागते. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात.

आणि इथे तुमच्या भावाला थांबवा. त्यांचा हेतू चांगला आहे. पण शांततेचं काम करणाऱ्या माणसाच्या ट्रंकेत स्वतःची गुपितं थोडी असतात, दुसऱ्यांची फार. कुणी रात्री येऊन सांगितलं की उद्या काय होणार आहे. कुणाच्या घरात काय लपवलं होतं. कोणत्या घरातल्या मुलाला परत आणला. कोण कुणाशी गुपचूप भेटायला तयार झालं. ही माणसं किंवा त्यांची मुलं आजही त्याच वस्तीत राहतात. त्यांनी आत्यांवर विश्वास टाकला होता, तुमच्यावर नव्हे. तो विश्वास संकेतस्थळावर गेला तर आत्यांचं चाळीस वर्षांचं काम त्यांच्याच नावाने उधळलं जाईल.

म्हणून वाचताना तीन ढीग करा. जाहीर होऊ शकतं: पत्रकं, फलक, सभांच्या सूचना, छापील निवेदनं. विचारून जाहीर करायचं: पत्रं, फोटो, हजेरीपत्रकं. बंद ठेवायचं: मध्यस्थीच्या नोंदी, खबरा, आरोप, कुणाच्याही घरातलं खासगी. शंका आली की कागद एक पायरी खाली टाका. तिसऱ्या ढिगाचे मोबाइलने फोटो काढू नका, ते तुमच्या नकळत क्लाउडवर चढतात. पण जाळूही नका. घाबरून जाळलेल्या कागदांबद्दल घरचे नंतर फार हळहळतात. पाकीट मोहोरबंद करा, वर लिहा की कोणी, कधी आणि कोणत्या वर्षापर्यंत बंद केलं. पाकीट कुणाकडे आहे हे दोघांनाच माहीत असू द्या.

नाव झाकायचं असेल तर मूळ कागदावर कधीच खोडू नका. प्रत काढा, तीवर झाका. संगणकावर पीडीएफमध्ये काळा चौकोन टाकला की खालचे शब्द बऱ्याचदा तसेच राहतात आणि कॉपी करून कुणालाही वाचता येतात. छापून, काळ्या कागदाने झाकून, पुन्हा स्कॅन केलेलं पान सुरक्षित. आणि नाव काढून ‘कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक’ असं लिहिलंत, तर लहान वस्तीत ते नाव लिहिल्यासारखंच आहे. अशा वेळी पात्र बदलून प्रसंग सांगू नका, तो प्रसंगच सोडा. बनावट तपशील एकदा छापला की पुढचे लोक तोच खरा धरतात.

एक कायद्याची बाजू. आत्यांना आलेल्या पत्राचा कागद तुमच्या घरचा, पण त्यातला मजकूर बहुतेक देशांत लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. छापायचं असेल तर त्यांची परवानगी लागते. डायऱ्यांचा हक्क आत्यांच्या वारसांकडे येतो, आणि वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची लेखी संमती आधीच घ्या. छापून झाल्यावर निघालेलं भांडण शांततेच्या पुस्तिकेला शोभणार नाही.

आता लिहिणं. तुमची खरी अडचण इथे आहे. सैनिकाच्या आयुष्यात लढाया असतात, नेत्याच्या आयुष्यात निवडणुका. आत्यांचं यश म्हणजे न झालेल्या गोष्टी: न पेटलेलं घर, न फेकलेला दगड. जे झालंच नाही त्याचा फोटो नसतो, बातमी नसते. मग लिहिणारा घाबरतो आणि ती पोकळी विशेषणांनी भरतो. ‘निःस्वार्थ’, ‘शांतिदूत’, ‘वात्सल्यमूर्ती’. किंवा दावा करतो: ‘त्यांनी दंगल थांबवली.’ हे वाक्य सिद्ध करता येत नाही. त्या रात्री पाऊसही असेल, पोलीसही असतील, दोन्हीकडच्या चार शहाण्या माणसांनी आपापल्या पोरांना घरात कोंडलंही असेल. दावा फसला की वाचकाचा बाकीच्या पानांवरचा विश्वासही जातो.

यावर एक साधी रीत आहे. दोन वाक्यं शेजारी ठेवा आणि मधे ‘म्हणून’ घालू नका. ‘त्या रात्री ११ ते पहाटे ४ त्या तिघांसोबत पुलावर बसून होत्या. त्या रात्री पुलावर हाणामारी झाली नाही.’ पहिल्या वाक्याला डायरीचा आणि दोन मुलाखतींचा आधार असेल, दुसऱ्याला वर्तमानपत्राचा. वाचक स्वतः जोडेल तो जोडेल. जिथे त्या बसून होत्या आणि तरीही हाणामारी झाली, ती रात्रही तशीच लिहा. अफवा खोडायला गेल्या आणि कुणी दार उघडलं नाही, हेही लिहा. या कामात अपयशाचा वाटा मोठा असतो. तो गाळलात तर यशाच्या रात्रीही सोप्या वाटतील.

पहिला खर्डा झाला की लाल पेन घेऊन सगळी विशेषणं खोडा. प्रत्येकाच्या जागी एक कृती, एक वेळ किंवा एक आकडा शोधा. ‘चिकाटी’ खोडलं तर काय येईल? दर महिन्याचा पहिला शनिवार, ५ ते ६. महिन्याला एक तास म्हणजे वर्षाला बारा, आणि तीस वर्षं उभ्या राहिल्या असतील तर ३६० तास. हा हिशोब डायऱ्यांवरून करा, चुकलेले शनिवार वजा करा आणि का चुकले तेही लिहा. कृती सापडलीच नाही तर ते विशेषण तुम्ही सवयीने लिहिलं होतं असं समजा.

दोन मोह आणखी. एक म्हणजे समितीचं काम एका माणसाच्या खात्यावर टाकणं. पुलावर तिघं आणखी होते. त्यांची नावं, परवानगी घेऊन, त्याच वाक्यात यायला हवीत. आत्यांना नाव नको होतं त्यात हा भागही नक्की असणार. दुसरा मोह मोठ्या परंपरेला गाठ मारण्याचा. विनोबांनी १९५७ साली शांतिसेना उभी केली, १९८१ साली पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल स्थापन झाली. निःशस्त्र माणसांनी दोन गटांच्या मधे जाऊन थांबण्याचं काम जगात बऱ्याच ठिकाणी झालंय. पण आत्या त्यापैकी कशाशी जोडलेल्या होत्या असा कागद किंवा साक्ष नसेल, तर पुस्तिकेत ते आणू नका. त्यांचा पूल पुरेसा आहे.

घरची बाजूही असू द्या. त्या रात्री पुलावर होत्या तेव्हा घरी कोण होतं? स्वयंपाक कुणी केला, आजारी माणसाजवळ कोण बसलं, कोण रागावलं? शांततेच्या कामाची किंमत घरातल्या कुणीतरी भरलेली असते आणि ती क्वचितच लिहिली जाते. तुम्ही भाची आहात, ते तुम्हालाच लिहिता येईल.

छपाईचं थोडक्यात. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. ३२ पानं धरा. ए-५ आकारात बारा पॉइंट अक्षरात पानाला साधारण २५० शब्द बसतात. फोटो, कालपट आणि कोरी पानं सोडून सहा हजार शब्दांचा मजकूर झाला. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल पुढे कुणाला उघडता येत नाही, शोधता तर येतच नाही. दहा सेंटीमीटर रुंद छापायच्या फोटोला निदान १,२०० पिक्सेल रुंदी हवी. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबला गेलेला असतो, पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ सांगा. मुलाखती सहाव्या आठवड्यापर्यंत, खर्डा नवव्यापर्यंत, दहाव्यात दोन वाचक. त्यातला एक पलीकडच्या वस्तीतला असलाच पाहिजे, कारण तुमच्या नजरेतून सुटलेलं धोक्याचं वाक्य त्याला पहिल्या वाचनात दिसेल. अकराव्या आठवड्यात छापायला द्या, बारावा मोकळा ठेवा. तो मोकळा राहणार नाही.

सभेसाठी व्यासपीठ नको. ज्या बाईने भाषण केलं नाही तिच्यासाठी उंचावरून बोलणं विचित्र दिसतं. चाळीस खुर्च्यांचं गोल धरलं, दर खुर्चीला पाऊण मीटर, तर साधारण साडेनऊ मीटर व्यासाची जागा लागते. जागा कमी असेल तर दोन वर्तुळं, एकात एक. पाच वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि वेळ सांगणारं माणूस आधी ठरलेलं. प्रमुख पाहुणे बोलावले की सभा त्यांची होते, तेव्हा नकोत. मधे डायरीतली चार-पाच पानं वाचा, एकाच आवाजात, अभिनय न करता. दहा मिनिटं शांतता ठेवा. दोन मिनिटांची शांतता सगळ्यांना सवयीची असते. दहा मिनिटांत आत्यांनी दर महिन्याला काय केलं याचा अंदाज अंगाला येतो. आधी सांगून ठेवा किती वेळ आहे ते, नाहीतर लोक चौथ्या मिनिटाला चुळबुळ करतात. एकूण सव्वा ते दीड तास.

एका टेबलावर न ओळखलेल्या फोटोंच्या मोठ्या प्रती ठेवा, मूळ नकोत. प्रत्येकाला क्रमांक, शेजारी कोरा कागद आणि पेन्सिल: कोण, कुठे, कधी, आणि सांगणाऱ्याचं नाव. दोघांनी वेगळी नावं लिहिली तर दोन्ही ठेवा. एवढे ओळखणारे लोक पुन्हा एका जागी जमणार नाहीत.

नंतर हे सगळं कुठे ठेवायचं? शक्य असेल तर ग्रंथालयाला, विद्यापीठाला किंवा अभिलेखागाराला द्या. देण्याआधी लेखी विचारा: कोण पाहू शकेल, बंद पाकिटं बंदच राहतील का, त्यांना नको असलेलं परत देतील की फेकतील. आणि देण्याआधी ‘किरकोळ’ म्हणून काही काढू नका. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजातला शांतताविषयक संग्रह १९३० च्या सुमारास तिथल्या शांतता-कार्यकर्त्या जेन ॲडम्स यांच्या कागदांपासून सुरू झाला, आणि आज तिथे बिल्ले, पत्रकं, पोस्टरंही अभ्यासाला मिळतात. सभेची हस्तलिखित सूचना घरच्यांना रद्दी वाटते, पण किती जणांना बोलावलं आणि कोणत्या शब्दांत, हे सांगणारा तोच एक कागद असतो. भावाला संकेतस्थळ करायचंच असेल तर पहिल्या ढिगातून करू द्या, आणि फोटो कुठे काढला याची फाइलमध्ये लपलेली माहिती आधी पुसून.

राहता राहिला तो फलक. १९८८ साली जेरुसलेममध्ये काळ्या कपड्यांत दर शुक्रवारी तासभर उभ्या राहिलेल्या बायकांपासून मूक उभं राहण्याची एक रीत पुढे अनेक देशांत गेली. अशा निदर्शनांत बोललं जात नाही, म्हणून हातातला मजकूर हाच काय तो शब्द. आत्यांच्या फलकावर काय लिहिलं होतं, ते वर्षांगणिक बदललं का, कोणत्या महिन्यात कोणता शब्द खोडून दुसरा आला, हे फोटोंवरून एका पानावर मांडा. पुस्तिकेतलं ते सगळ्यात महत्त्वाचं पान होईल असं आम्हाला वाटतं. सभा पहिल्या शनिवारी ठेवली आणि लोकांना ५ वाजता चौकात जाऊन उभं राहायचं असेल, तर पुढचे सहा महिने कोण तिघं येणार हे आधीच ठरवून घ्या. फलक मात्र मूळ नेऊ नका. त्याच मापाचा, त्याच अक्षरांचा दुसरा करून घ्या. पाऊस आला तर तो भिजू दे.